बाबांचे वरचे दोन दात

बाबा बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. हिमायतनगरच्या आसपासच्या गावांत लग्न निघालं की त्यांना बोलावणं यायचं, आणि आमच्या वस्तीतली चौदा एप्रिलची मिरवणूक तर कधी त्यांच्याशिवाय निघालीच नाही. क्लॅरनेट वरच्या दोन दातांखाली धरायचं, खालचा ओठ आत दुमडून त्यावर वाद्याच्या तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पत्ती टेकवायची. लहानपणापासून मी हे पाहत आले.

मी नांदेडला एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. सुट्टीत घरी गेले की बेसिनमध्ये लालसर थुंकी दिसायची. मी एकदा विचारलंही. ब्रश कडक आहे, असं बाबा म्हणाले. मी मऊ ब्रश आणून दिला आणि माझ्यापुरता विषय संपला. त्यांचे दात पांढरेशुभ्र होते, एकालाही कीड नव्हती. काळजी करायची तरी कशाची?

मग एका दिवाळीत त्यांनी आईला सांगितलं, "वरचा दात हालून राहिलाय."

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं तर शेजारचाही हलत होता; त्यांनी दोन्ही दात काढायला सांगितले. बाबांना ते ऐकवेना. लातूरला नुसत्या हिरड्यांचे डॉक्टर असतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मी रजा टाकून त्यांना तिकडे घेऊन गेले.

तिथली डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिने एक बारीक, खुणा केलेली सळई दात आणि हिरडीच्या मधे अलगद सरकवली. मला वाटलं, आता अडेल. ती आत जातच राहिली. डॉक्टर आकडे सांगत होती आणि शेजारची मुलगी लिहून घेत होती. सात. आठ. पुन्हा आठ. आकड्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण लिहिणारीने मान वर करून बाबांकडे पाहिलं.

नंतर डॉक्टरने शांतपणे समजावलं. हिरडीच्या कडेच्या पेशी दाताला घट्ट चिकटून असतात. जुन्या गळतात, त्यांच्या जागी लगेच नव्या येऊन पकड घेतात. तोंडातले जंतू खाली हाडापर्यंत जाऊ नयेत, म्हणून त्यांचं हे काम जन्मभर चालू असतं. दाताच्या मुळाशी किटण साचत गेलं की हिरडी सुजते, पकड सुटते, फट खोल होत जाते, तीन मिलिमीटरची सात-आठ होते, आणि आतलं हाड झिजतं. रक्त येणं ही पहिली खूण.

"पण दुखलं न्हाई कधी," बाबा म्हणाले.

"बहुतेकदा दुखत नाही, काका."

"हिरडी पुन्हा चिकटवता येत न्हाई का?"

साफ केल्यावर हिरडी थोडीफार धरेल, पण गेलेलं हाड पूर्वीसारखं होणार नाही, असं ती म्हणाली. मी बाबांकडे पाहायचं टाळलं.

चार खेपांत तिने मुळं खरवडून साफ केली आणि हलणारे दात बारीक तारेने शेजारच्या दातांना बांधले. बाबा सांगितलेलं सगळं करत होते. आरशासमोर उभे राहून वीस वीस मिनिटं दात घासायचे. रक्त थांबलं. आम्हाला बरं वाटायला लागलं होतं.

देगलूरला मावसबहिणीचं लग्न होतं. बाबांनी हट्टाने क्लॅरनेट घेतलं. वरात निघाली, मी बायकांमध्ये चालत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बाबांची बोटं फिरताहेत, पण गाल फुगत नाहीत. ते वाजवत नव्हते. सूर दुसऱ्याच माणसाच्या वाद्यातून येत होता. मांडवापर्यंत ते तसेच चालत गेले. मी गर्दीतून त्यांच्याजवळ जाऊ शकले असते. गेले नाही. जाऊन काय करणार होते?

दातांना धरायला हाडच उरलं नव्हतं; त्या महिन्यात दोन्ही दात काढावे लागले. नंतर कवळी बसवली. दिसायला हुबेहूब. पण क्लॅरनेट दाताखाली धरलं की कवळी सरकायची, हवा निसटायची आणि पत्ती नुसती किंचाळायची. आठवडाभर रोज दुपारी त्यांनी प्रयत्न केला. एका दुपारी त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं आणि मला विचारलं, "माय, नवे दात तर हाय्‌त. मंग सूर का धरंना?"

कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते, दातासारखी हाडात रुतलेली नसते, हे मला डॉक्टरने सांगितलं होतं. मी ते त्यांना नीट, सावकाश सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा फुंकून पाहिलं.