युरियाची पाठराखीण

लग्नानंतर कारध्याहून मी आंबागडाच्या पायथ्याशी सासरी आले, तेव्हा माझ्यासोबत पाठराखीण म्हणून मावशी आली होती. नवरीला नव्या घरी एकटं वाटू नये म्हणून एक बाई धाडायची, चार दिवस तिचा मानपान करायचा, मग हळदीकुंकू लावून, ओटी भरून तिची बोळवण करायची, अशी ही रीत. मावशी निघाली तेव्हा मी रडायला लागले. सासूबाई तिची ओटी भरता भरता म्हणाल्या, "रडू नोको बाई. पाठराखीन गेलेलीच बरी. राह्यली त सवत होते."

मी तेव्हा डोळे पुसून हसले होते.

दुसरी पाठराखीण आली तेव्हा माझी मुलगी नुकती पाऊल टाकू लागली होती. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपला होता आणि शेताच्या बांध्यांमधला धान पिवळा पडत चालला होता. युरिया टाकायचा तर त्याच आठवड्यात, नंतर टाकून उपयोग नाही. आमचे हे बंडी जुंपून तुमसरला गेले आणि संध्याकाळी पोती घेऊन आले. पोत्यावर एक तपकिरी बाटली होती.

"हे का आनलं?" मामाजींनी विचारलं. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात.

"दवाई हाय किडीची. पोत्यासंग घ्यावंच लागते म्हनते. नाई घेतली त पोतं नाई."

"पन कीड कुठी हाय?"

कीड नव्हतीच. दुकानदाराचं म्हणणं असं, की त्यालाही कंपनी असंच करते. बाटल्या उचलल्या नाहीत तर खताचा ट्रक त्याच्या दारात थांबत नाही. कंपनी मोठी, दुकानदार लहान आणि आम्ही त्याहून लहान. धान पिवळा पडत असताना कोण भांडत बसणार, हे मुंबई-दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी पक्कं ठाऊक होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथे गाढव पाय धरून घेऊन वर लाथही मारत होतं.

मामाजींनी बाटली हातात फिरवली आणि म्हणाले, "वा! नवरीसंग पाठराखीन आली." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी गावभर तिचं तेच नाव झालं, कारण ती घरोघरी आली होती.

मला ती घरात नको होती. मुलगी सापडेल ते तोंडात घालण्याच्या वयाची. मी म्हटलं, फेकून द्या. सासूबाई उखडल्या. "पैशानं घेतलेली चीज फेकतेत का कोनी?" आणि खरं सांगायचं तर फेकायची तरी कुठे? गावाच्या बोडीत टाकावी तर गुरं तिथंच पाणी पितात, मासळी तिथलीच खातो. बांधीत पुरावी तर नांगराला लागून फुटणार. वापरायची नाही आणि टाकायचीही नाही, अशी वस्तू कुणीतरी आमच्या घरात आणून बसवली होती. याच गोष्टीचा मला संताप यायचा, अजूनही येतो.

यांनी सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, भिंतीला एक फळी ठोकली आणि बाटली तिच्यावर ठेवली. पुढच्या हंगामात आणखी आल्या. मुलगी वाढली तशी मी फळी वर सरकवून घेतली. ती आणखी वाढली, फळी आणखी वर गेली. पावसाळी दमट दिवसांत फळीखालून जाताना गोडसर, उग्र वास यायचा. एका बाटलीचं झाकण पाझरत होतं. एके सकाळी फळीखालचा सांडलेला कोंडा टिपून एक कोंबडी पाय ताणून पडली. ती जिथं पडली तिथंच आदल्या दिवशी मुलगी सागरगोटे खेळत होती. मी ती जागा शेणानं तीनदा सारवली, तरी वास गेला नाही.

त्या वर्षी कंपनीचा एक साहेब मोटरसायकलवर गावात आला. देवळाच्या पारावर उभा राहून त्यानं दवाईची तारीफ केली. एकदा टाकली की कीड नावालाही राहणार नाही, म्हणाला. बाया मागे उभ्या होत्या, माझी चुलत जाऊ माझ्या शेजारी. मामाजींनी विचारलं, "साहेब, आमाले नाई पायजेन त जबरीनं काहून देता?"

"ती कंपनीची पॉलिसी आहे बाबा."

आमच्या गावात पॉलिसी म्हणजे विमा. दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. मामाजी विचारात पडले आणि मग अगदी सरळपणे म्हणाले, "पॉलिसी त मेल्यावर भेटते न जी?"

साहेब खो खो हसला. आम्हीही हसलो. 

दिवाळी तोंडावर आली होती. चुलत जावेचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची, दोघी दिवसभर एकीला एक चिकटलेल्या, त्यामुळे उवाही दोघींच्या डोक्यात सारख्याच. एरवी आम्ही सीताफळाच्या बिया वाटून लावायचो. पण साहेबाचं बोलणं जावेच्या मनात राहिलं होतं. शिवाय आमच्या बोलीत तापाची ती दवाई, खोकल्याची ती दवाई आणि धानाची तीही दवाई. दवाई म्हणजे बरं करणारी वस्तू. इतक्या बाटल्या नुसत्या पडून आहेत, किडे मारतात, तर उवा का नाही मारणार? तिला मूर्ख म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन.

मी बोडीवरून धुणं घेऊन आले. जावेच्या अंगणात तिची मुलगी डोक्याला फडकं बांधून बसली होती आणि तिच्यामागे, वेण्या सोडून, माझी मुलगी नंबर लावून बसली होती. जावेच्या हातात बाटली होती. वास आधी आला, मग मला कळलं. मी धुणं टाकलं आणि माझ्या मुलीला दंडाला धरून असं ओढलं की तिचा हात पुढे बरेच दिवस दुखत होता.

तेवढ्यात जावेच्या मुलीच्या तोंडातून लाळ गळू लागली. ती उठायला गेली आणि पाय आपले नसल्यासारखी खाली बसली. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. आम्ही तिचं डोकं धुतलं, बंडीत घातलं, सडकेवर एक ट्रक थांबवला आणि तुमसरचा दवाखाना गाठला.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"दवाई लावली जी," जाऊ म्हणाली.

"कोणत्या डॉक्टरची?"

"डाक्टरची नाई, कंपनीची."

डॉक्टर गोंधळले. मुलीचा श्वास घरघरत होता आणि एका शब्दापायी वेळ चालला होता. मी ओरडले, "धानाची दवाई, डाक्टरसाहेब! कीड मारायची!" मग ते धावले. इंजेक्शन देता देता जावेला म्हणाले, "अडाणी आहात का तुम्ही? विष लावता पोरीला?"

 माझ्याच्यानं राहवलं नाही. "आमी नव्हती मांगली थे. आमच्या घरी जबरीनं घातली. त्याईले काहून नाई विचारत?"

मुलगी वाचली. चकोट केलेलं डोकं घेऊन घरी आली, बरेच महिने तिचा हात थरथरायचा. माझी मुलगी तिच्याकडे बघून आपल्या वेण्या चाचपायची.

फळीवरच्या बाटल्या खाली काढल्या त्या सासूबाईंनी. पैशानं घेतलेली चीज न फेकणाऱ्या माझ्या सासूबाईंनी. पदरानं एकेक पुसत म्हणाल्या, "लय झाला पाहुनचार. बोळवन करा आता." शेजारणींना निरोप गेला आणि घराघरांतून बाटल्या निघाल्या. बंडीत भाताचं तणस पसरून आम्ही त्या उभ्या केल्या. जावेनं तेलात कुंकू कालवलं आणि एकेका बाटलीला, कागदी लेबलावर, बोट टेकवून लावलं. कुणी हसलं नाही. पुरुष मागे आणि बाया पुढे, अशी ती वरात तुमसरला कंपनीच्या गोदामापुढे जाऊन थांबली.

गोदामाचा साहेब बाहेर आला. "विकलेला माल परत घ्यायची पॉलिसी नाही," म्हणाला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "आमाले पैसे नोको. तुमची बाई तुमाले देऊन राहिलो." आम्ही सगळ्या बाटल्या पायऱ्यांवर मांडल्या. साहेबानं हुज्जत घातली नाही. हमालाला नुसती खूण केली आणि आत गेला.

रिकामी बंडी परतीला खडखडत होती. मला किती वर्षांनी मोकळं वाटत होतं.  गाव दिसू लागल्यावर मामाजी म्हणाले, "इतक्या लवकर कशी मानली कंपनी?"

पुढचा रोवणा आटोपला. धान पिवळा पडू लागला आणि आमचे हे बंडी जुंपून तुमसरला गेले. परत आले ते कुणाकडे न बघता बैल सोडायला लागले. सपरीत उतरवलेल्या पोत्यावर तपकिरी बाटली होती. मी ती उचलली. लेबलावर बोटाएवढा लाल डाग होता, तेलानं कागदात मुरलेला. मी अंगठ्यानं घासून पाहिला, निघाला नाही.

मी बाटली सासूबाईंपुढे धरली. त्यांनी डागावर बोट टेकवलं.

"राह्यली थे पाठराखीन," म्हणाल्या.

मी फळीकडे पाहिलं. ती सरकत सरकत छपराच्या लाकडाला टेकली होती, आणखी वर न्यायला जागा उरली नव्हती. तेवढ्यात मुलगी आली आणि माझ्या हातातून बाटली घेत म्हणाली, "दे आई, मी ठेवतो." मी नको म्हणायच्या आत ती युरियाच्या पोत्यावर चढली. तिचा हात फळीला पोचला.