अंदमानात शिजलेली पेज

मला राग येतो हो! रावजी भावजी अंदमानहून आले नि मोबाईल घेऊन आमच्या पडवीत बसले, तेव्हापासून माझं डोकं तापलंय ते अजून उतरत नाही.

हा सेल्युलर जेल, त्याच्यासमोर भावजी. ही काचेच्या तळाची होडी, होडीत भावजी. पांढऱ्या वाळूवर गॉगल लावून भावजी. शहाळं पिताना भावजी. जसं काही आमच्या आरे-वाऱ्याच्या वाटेवर शहाळी मिळतच नाहीत! मी आपली बघत्ये, बघत्ये. शेवटी विचारलंच, "अहो, यात मैना कुठाय?"

"ती रूमवर. पेज कोण करणार मग?"

ऐकलंत? अंदमानात! पेज!

मैना माझी शेजारीण, भावजींची बायको. या वाडीत लग्न होऊन आली तेव्हा विशीचीही नव्हती. भावजी हायस्कुलात क्लार्क. सकाळी गरम पेज जेवल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचे नाहीत. पोरीनं भात लावलान, आंब्याच्या पेट्या भरल्यान, कोकमं फोडून वाळवलीन, सासू अंथरुणाला खिळली तिचं सगळं काढलंन. ओहोटीला खडकावर कालवं काढायलाही तीच. सारा जन्म समुद्रासमोर गेला, पण पोटऱ्यांच्या वर पाणी कधी चढलं नाही.

एकदा कालवं फोडता फोडता म्हणाली, "वैनी, एकदा गळ्यापर्यंत आत जायचंय हो. मस्त बुडी मारायची."

"मग जा की गो. अडवलंय कुणी?"

"इथे? घरात सून आली नि ही बाई समुद्रात डुंबत्ये, म्हणून वाडीभर होईल. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे कधी गेल्ये तर जाईन."

म्हणून भावजी रिटायर झाल्यावर मुलानं, सुजयनं, दोघांचं अंदमानचं तिकीट काढलंन, तेव्हा मैनाचे पाय जमिनीवर नव्हते. गुपचूप रत्नागिरीला जाऊन एक निळा पंजाबी ड्रेस आणलान. साडी पाण्यात पायांत अडकते ना! निघेपर्यंत तो माझ्या कपाटात होता.

आणि भावजींनी काय भरावं? उकडा तांदूळ, सुकट, लोणच्याची बरणी आणि विजेवरचा कुकर! "बाहेरचं माझ्या पोटाला सोसत नाही," म्हणे. अहो, मग पोट घरी ठेवायचं होतं!

तिथे रोज तेच. दारात सहलीची बस उभी, आणि उकडा तांदूळ काय पटकन शिजतो? भावजी पेज जेवणार, हात पुसणार, बसमध्ये चढणार. "तू ये मागाहून." मागाहून कशी येणार हो ती? उडत? ती बाथरूममध्ये टोप घासत बसायची, मग दुपारचा भात. एकदा सुकट भाजलीन तर हॉटेलचा मॅनेजर वासानं दारात येऊन ओरडला. बोलणी कुणी खाल्ली? मैनानं. सुकट खाणारा तेव्हा होडीत बसून मासे बघत होता.

शेवटच्या दिवशी तिनं हिय्या केला. ड्रेस घालून तयार झाली. भावजी म्हणाले, "हे काय घातलंस? लोकं काय म्हणतील? आणि आज प्रवास आहे, दुपारी गरम भात हवा." तिथे कुठली मेली लोकं? एक ओळखीचं कुत्रं नव्हतं! पण हिनं ड्रेस काढलान नि घडी घालून ठेवलान.

हे सगळं मला तिनं आमच्या स्वयंपाकघरात सांगितलंन, भावजी पडवीत बाकीच्यांना फोटो दाखवत होते तेव्हा. "पाण्याला बोटसुद्धा लागलं नाही, वैनी," म्हणाली नि पदर डोळ्यांना लावलान. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तशीच उठून पडवीत गेल्ये.

"भावजी, लाज नाही वाटत? एवढ्या लांब नेऊन बाईला समुद्र दाखवला नाहीत!"

"समुद्रात काय बघायचंय वहिनी? तो काय, दारात आहे."

मैना माझ्या मागे उंबऱ्यात उभी होती. तिनं ते ऐकलंन.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निळा ड्रेस घालून आमच्या अंगणातून गेली, सगळ्या वाडीच्या देखत. रापणीचं जाळं ओढणारे थांबले. कुणीतरी हसलंही. मी मागोमाग किनाऱ्यावर, ही सरळ पाण्यात. गुडघे बुडले, कंबर बुडली, आणि मग बाई दिसेचना! माझा जीव खाली-वर. तेवढ्यात डोकं वर आलं, केस मोकळे, तोंडातून पाणी थुंकत हसत्ये.

भावजी धावत खाली आले, हातात मोबाईल. "अगो, पेज कुठाय?"

"तांदूळ डब्यात, कुकर तुमच्या पिशवीत!" ती पाण्यातून ओरडली. "नि फोटो काढा माझा!"

"लोकं बघतायत..." भावजी माझ्याकडे वळून पुटपुटले.

"बघू देत," मी म्हटलं. "मोबाईल वर करा नि दाबा."

काढला. मैनाचा त्या मोबाईलमधला तेवढा एकच फोटो. ती गळाभर पाण्यात, तोंड भरून हसत्ये. आणि कोपऱ्यात काहीतरी जाडजूड, धुरकट. नीट बघितलं तर भावजींचं बोट. एका फोटोत बाईला एकटीला राहू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, तिथेही माणसानं आपलं बोट घुसवलंनच!