सायमीचे बधिर हात

सायमी पाकारिनेन वल्ह्यावर बसली की काठावरची माणसं हातातली कामं टाकून बघायला यायची. एके काळी अख्खं गाव रविवारी ज्या लांबलचक होड्यांमधून तळ्यापल्याडच्या चर्चला जायचं, त्यांच्या आता उन्हाळा सरता सरता शर्यती व्हायच्या. सायमी होडीत ताल धरायची. ती ओढेल तसं मागच्या सगळ्यांनी ओढायचं. लग्न होऊन या गावात आली, तेव्हा पहिल्याच वर्षी तिने ही जागा हट्टाने मिळवली होती. त्यानंतर ती कुणाला दिली नाही.

त्या हिवाळ्यात तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्या बाईला त्याचं काय कौतुक!

"गारठलीयेस," तिचा नवरा विल्हो म्हणाला. "सौनात गरम वाफ घेत बस जरा, मोकळे होतील हात."

ती सौनात बसली, मग उठून डोकं धुवायला डोळे मिटले आणि उभ्या उभ्या भेलकांडली. पुढे कोटाची बटणं लागेनाशी झाली. कॉफीचा कप हातातून सुटायचा आणि तो सुटला हे तिला फुटल्याच्या आवाजावरून कळायचं. शेजारणीने विणकामाला दोष दिला. सुकाणू धरणारा म्हातारा ओस्करी म्हणाला, "मान धरली असेल. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं."

"मग मेव्हणा बरा झाला का?"

"वारला. पण मानेने नाही."

वसंतात बर्फ फुटला आणि सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी, ऐन जोरात असताना, मागच्यांची वल्ही एकमेकांवर आपटली. सायमीने खाली बघितलं. तिचे हात ओढतच होते, पण त्यांत वल्हं नव्हतं. ते पाण्यावर तरंगत निघालं होतं.

ओस्करी हळू आवाजात म्हणाला, "सायमी, यंदा तू काठावरून बघ."

"माझ्या जागेवर कोण बसतंय ते बघतेच मी," ती म्हणाली. पण घरी येऊन तिने विल्होला मोटारसायकल काढायला लावली.

तालुक्याच्या गावी नुकत्याच आलेल्या डॉक्टर हेलेन बाईंनी धातूचा एक दुबेळका काटा ठोकून तिच्या घोट्यावर टेकवला.

"थरथर जाणवते?"

"कसली थरथर?"

बाईंनी तिला पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं. सायमी अशी कोसळली की बाईंनीच तिला धरलं. मग जीभ बघितली. ती लालभडक आणि गुळगुळीत होती. बाईंच्या डोळ्यांत चमक आली.

"मासे कसे खाता?"

"तोंडाने."

विल्हो खोकला. बाई हसल्या. "कच्चे?"

"मीठ लावून रात्रभर ठेवायचे, की झालं. आणि पाइक माशाची गाबोळी, कांदा नि आंबट साय घालून. ती कुणी शिजवतं का?"

"हात बधिर व्हायला कारणं ढीगभर आहेत," बाई भराभर बोलू लागल्या. "मनगटात नस दाबली जाते, मान असते, मधुमेह असतो, दारू असते. पण तुमचे दोन्ही हात, दोन्ही पाय, वर हा तोल आणि ही जीभ! रक्त तपासू, शौच तपासू. मला वाटतं, तुमच्या पोटात माशातून आलेला जंत आहे. लांब, चपटा. सगळ्यांनाच तो त्रास देत नाही. पण तुमच्या वाटणीचं बी-बारा जीवनसत्त्व तो खाऊन टाकतोय आणि मज्जातंतू उपाशी मरताहेत."

"किती लांब?" विल्होने विचारलं.

सायमीला लांबीशी देणंघेणं नव्हतं. "म्हणजे बरं होता येतं?"

"वेळेत आलात. बरंच परत येईल. सगळं येईल असं वचन देत नाही."

परतीच्या वाटेवर ती मागे बसून विल्होच्या कानात ओरडत राहिली, "मान नाहीये! ऐकलंस? मान नाहीये!"

तपासणीत जंत सापडला. विल्होच्याही पोटात निघाला. त्याला मात्र कसलाच त्रास नव्हता, याचा त्याला उगाच अभिमान वाटला. औषधाने दोघांचेही जंत पडले. सायमीला वर इंजेक्शनं सुरू झाली आणि घरातला प्रत्येक मासा चुलीवर चढू लागला.

संवेदना परत आली ती आधी वेदना होऊनच. एका सकाळी रासबेरीच्या झुडपात हात घातला आणि काटा टोचला. सायमी तशीच धावत ओस्करीच्या अंगणात गेली.

"रक्त येतंय तुझ्या बोटातून," तो म्हणाला.

"आणि दुखतंयसुद्धा! माझी जागा मोकळी ठेव."

शर्यतीच्या दिवशी पाय अजून जडच होते, म्हणून ओस्करीने ते पट्ट्याने फळीला बांधून दिले. निम्म्या अंतरावर पलीकडच्या गावाची होडी पुढे होती. सायमीला ओल्या लाकडाचा खरखरीतपणा जाणवत होता, पाण्याचा भार कळत होता. "वाढवू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस? वाढव!"

तिने ताल वाढवला. मागून धापा, शिव्या, पाण्याचे फटकारे. दोन्ही होड्या बरोबरीने आल्या, काठावरचा आरडाओरडा कानावर कोसळला आणि यांच्या होडीचं नाक जेमतेम आधी पोचलं. ओस्करी टोपी पाण्यात फेकून बसला आणि मग तीच शोधत राहिला.

सायमीने तळहातांवरचे फुटलेले फोड भेटेल त्याला दाखवले. पायांची बोटं पुरती सुधारली नाहीतच. अंधारात ती भिंतीला हात लावूनच चालायची. पण ओस्करी थकला तेव्हा सुकाणू तिच्याकडे आलं आणि ताल धरणाऱ्या, गावात नव्याने आलेल्या सुनेला ती पुढची कित्येक वर्षं भर पाण्यात ओरडून बोलत राहिली.