भांडणाच्या गृहभेटी

अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमच्या समोरच्या घरातल्या बाईंच्या नजरेतून सुटून मोठं झालेलं भांडण मी अजून पाहिलेलं नाही. बाई गटप्रवर्तक आहेत, म्हणजे आसपासच्या गावांतल्या आशाताईंच्या कामावर त्यांची देखरेख असते. आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी द्यायच्या असतात. बाईंनी हेच वेळापत्रक आशाताईंच्या आपसांतल्या भांडणांना लावलं आहे. कोणी रागानं व्हॉट्सॲप ग्रुप सोडला की तो जन्मदिवस. बरोबर तिसऱ्या दिवशी बाईंची स्कूटी दारात. चहा संपेपर्यंत त्या विषयही काढत नाहीत. मग वही उघडून, बाळाबद्दल विचारावं तितक्याच गांभीर्यानं विचारतात, "याले वरचं दूध कोन पाजून राहिलं?" उत्तर बहुधा जाऊबाई किंवा शेजारीण असं येतं. त्या तसं लिहून घेतात. एकदा एक रुसलेली ताई त्यांना पाहून धानाच्या कोठीमागे लपली, तर बाईंनी दाराला चिठ्ठी लावली: 'लाभार्थी घरी नाही. उद्या पुन्हा भेट.' बाळाचं वजन वाढायला हवं आणि भांडणाचं घटायला, एवढाच फरक त्या मानतात.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी रेखाताई आणि प्रमिलाताई या एकाच गावातल्या दोन आशाताईंचं भांडण जन्मलं. प्रशिक्षणाचा फोटो रेखाताईंनी काढला आणि त्यात प्रमिलाताईंचं अर्धं तोंड कापलं गेलं. प्रमिलाताईंनी ग्रुप सोडला. योगायोगानं त्याच दिवशी त्या गावची एक लेक बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी दवाखान्यातून माहेरी आली. बाळ दोन किलोच्याही आतलं, नीट पीत नव्हतं. अडचण अशी की माहेरच्या घराचं पुढचं दार रेखाताईंच्या हद्दीत उघडतं आणि मागचं प्रमिलाताईंच्या. "घर तुझ्याकडचं," प्रमिलाताईंचं म्हणणं. "बाळंतिणीची खोली मांगच्या दारी, तुझ्याकडं," रेखाताईंचं. सातव्या दिवशी बाई भांडणाच्या भेटीला गेल्या तेव्हा कळलं, बाळाला घरी आल्यापासून कोणी तोललेलंच नाही.

बाईंनी आवाज चढवला नाही. बाळाला तोलायला प्रत्येक आशाताईकडे हातात धरायचा काटा असतो आणि त्याला अडकवायची कापडी झोळी. बाईंनी रेखाताईंची झोळी काढून घेतली आणि प्रमिलाताईंचा काटा. "आता काट्याले झोळी नाही, झोळीले काटा नाही. ज्या दारानं यायचं त्या दारानं या."

त्याच दुपारी एक पुढून आली, एक मागून. बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. मी वार्ताहर; बातमी मिळेल म्हणून त्यांच्या स्कूटीवर मागे बसून गेलो होतो. दोघी एकमेकींशी बोलेनात, पण बाळाशी बोलायला हरकत नव्हती.

"बाळा, तिले सांग, झोळी सरळ धर म्हना," काटा धरलेल्या रेखाताई म्हणाल्या.

"सांग तिले, काटा कायले हालवून राहिली? फोटोच्या टायमालेबी असीच हालली होती."

"अन् तू काऊन वो अर्धी बाहेर उभी होती?"

बाळानं दोघींपैकी कोणाचाही निरोप पोचवला नाही. त्यानं झोळीतूनच धार सोडली, ती दोघींच्या साड्यांवर सारखी वाटली गेली. आधी बाळाची आजी हसली, मग प्रमिलाताई, आणि रेखाताईंनी तर हसताना काटाच खाली टेकवला. पुन्हा तोलावं लागलं.

त्यानंतरच्या भेटींत बाळ वाढत गेलं. बेचाळिसाव्या दिवशी दोघी पुढच्याच दारानं, एका छत्रीत उन्हातून आल्या. बाळ काट्यावर चांगलं भरलं. मग त्या बाळंतिणीशी गप्पा मारत बसल्या; बाईंना चहा द्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

"भांडण गेलं?" परतताना मी विचारलं.

"गेलं," बाई म्हणाल्या. वहीतल्या दोन्ही नावांपुढे त्यांनी बरोबरची खूण केली होती. पुढच्या पानावर कोणाचंच भांडण नव्हतं. त्यांचा मुलगा दूर नोकरीला असतो आणि घरी त्या एकट्याच असतात, हे मला तेव्हाच का आठवलं, सांगता येत नाही.

माझ्या दारात स्कूटी थांबवून त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या ऑफिसात कसं जी? सारे बोलून राहिले ना एकमेकांशी?"

"हो, सगळं ठीक आहे," मी म्हणालो. बातमीदारीत इतकी वर्षं काढली. खरं सांगितल्याचं वाईट वाटलं ते त्या दिवशी पहिल्यांदाच.