संडासात गेलेल्या गोळ्या आणि माझं ट्रेनिंग

"फेक! फेक रे! घाबरतोस काय? फेकलंस की सुटलास!"

असं मी ओरडत होतो आणि मागे वॉर्डातले सगळे टाळ्या वाजवत होते. गोराईचा जनार्दन कोळी संडासाच्या दारात उभा होता. हातात कागदाची पुडी, पुडीत पांढऱ्या गोळ्या.

"ह्या डोक्याच्या गोल्या हान," तो म्हणाला. "दारूच्या नाय."

"सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं.

त्याने पुडी भांड्यात सोडली. मी साखळी ओढली. टाळ्या. आमच्या सेंटरमध्ये नव्या पेशंटचं स्वागत असंच व्हायचं.

सेंटर म्हणजे मुलुंडमधलं दारू आणि ब्राऊन शुगर सोडवायचं सेंटर. ब्राऊन शुगर तेव्हा नुकतीच गल्लीबोळात शिरली होती. मी तिथला कौन्सेलर, म्हणजे पेशंटशी बोलून त्याला ताळ्यावर आणणारा. शिक्षण चौथी नापास. क्वालिफिकेशन एकच, मी स्वतः बेवडा, याच सेंटरमध्ये सुटलेला. ट्रस्टींना असेच लोक हवे असायचे. पगार वाढवा म्हणायला आम्हाला तोंड नव्हतं. आम्ही तिघं होतो, मी, मोरे आणि फर्नांडिस. तिघंही तसलेच. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला वाटतं आपण पोहायचे मास्तर झालो, तसं आमचं.

नियम एकच. सुटलेला माणूस कसलीच गोळी घेत नाही. झोपेची नाही, डोकेदुखीची नाही. गोळी म्हणजे नशाच. माझी दाढ ठणकत होती तेव्हा मी लवंग चावत गाल सुजवून बसलो आणि वर पेशंटच्या ग्रुपमध्ये भाषण ठोकलं, 'बघा, मनाची ताकद!' समोरच्यांना वाटलं मी तोंडात बटाटावडा धरलाय.

जनार्दनची भानगड अशी होती. त्याच्या कानात दोन माणसं सारखी शिव्या द्यायची. माणसं कुठेच नव्हती, पण शिव्या खऱ्याखुऱ्या ऐकू यायच्या. त्या बंद व्हाव्यात म्हणून तो प्यायचा. हॉस्पिटलने गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, पिणाऱ्याला आम्ही भरती करत नाही, आधी दारू सोड. म्हणून त्याची आई, हिराबाई, त्याला आमच्याकडे घेऊन आली. आणि आम्ही काय केलं ते वर सांगितलंच.

नेमकी त्याच आठवड्यात फॉरेनच्या देणगीदारांनी अट घातली, कौन्सेलरना ट्रेनिंग द्या, नाहीतर देणगी बंद. आमचे शेणॉय साहेब, रिटायर्ड बँकवाले, सेंटरचे सर्वेसर्वा. म्हणाले, "तावडे, पुढे बस. झोपू नको. जेवण आहे."

शिकवायला गुप्ते मॅडम. मानसिक आजारांच्या डॉक्टर. म्हणाल्या, "एकाच माणसाला व्यसन आणि मनाचा आजार दोन्ही असू शकतात. दोन्हींवर एकाच वेळी उपचार करायचे. आधी हे, मग ते, असं चालत नाही."

मी उठलो. "मॅडम, दारू सुटली की डोकं आपोआप ठिकाणावर येतं. माझं आलं ना?"

सगळा हॉल हसला. मला वाटलं माझ्या बाजूने हसला.

"या तावडे," मॅडम म्हणाल्या. "खुर्चीत बसा. तुम्ही पेशंट."

मोरेला माझ्या उजव्या कानाशी बसवलं, फर्नांडिसला डाव्या. दोघांनी हळू आवाजात मला शिव्या द्यायच्या, थांबायचं नाही. दोघांनी इतकी मनापासून सुरुवात केली की जणू वर्षानुवर्षं तयारी चालू असावी. मोरेने तर माझ्या लग्नापासून काढलं. समोरून मॅडम विचारतायत, नाव काय, राहता कुठे, काल काय जेवलात. आणि मधे मधे, "मन खंबीर करा, निश्चय हवा!" हे माझंच भाषण, शब्द न शब्द. मला पत्ता सांगता येईना. घाम फुटला. शेवटी तोंडातून निघालं, "मॅडम, एक क्वार्टर मिळेल का?"

हॉल लोळला. मॅडम हसल्या नाहीत.

"हेच," त्या म्हणाल्या. "आता सांगा, तुमच्याकडे असे आवाज ऐकू येणारा कोणी आहे?"

"आहे एक."

"गोळ्या चालू आहेत?"

"होत्या."

"आता कुठे आहेत?"

"आता खाडीत पोचल्या असतील, मॅडम."

त्या ताडकन उठल्या. वर वॉर्डात गेलो तर जनार्दन खाटेखाली. कानात चादरीच्या चिंध्या कोंबलेल्या, ताट तसंच भरलेलं. दोन दिवस असाच होता म्हणे. आम्ही समजत होतो, ढोंग करतोय, दारू मागेल.

शेणॉय साहेबांनी खाली वाकून बघितलं आणि लगेच सरळ झाले. "मेंटल केस. आपली लाईन नाही. आईला बोलवा, आजच डिस्चार्ज."

"हॉस्पिटल म्हणतं बेवडा आहे, त्यांची लाईन नाही," मॅडम म्हणाल्या. "मग हा जाणार कुठे? गुत्त्यावर?"

"पण मॅडम, एकाला गोळ्या दिल्या की सगळे मागणार!"

"बँकेत एकाला कर्ज दिलं की सगळ्यांना देत होता का?"

साहेब लाल झाले. "उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

मोरे छताकडे बघायला लागला. फर्नांडिसला चप्पल सापडेना. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "तावडेने फेकल्या. तावडे बघेल."

नोकरीत मला मिळालेलं एकमेव प्रमोशन ते हे.

मॅडमनी चिठ्ठी लिहिली, मी केमिस्टकडून गोळ्या आणल्या आणि वॉर्डात सगळ्यांसमोर दिल्या. मोरे ग्रुपमध्ये गरजला, "हा क्लीन नाही! गोळीवर आहे!" मी म्हटलं, "तुझ्या नाकावर चष्मा आहे, तो काढ आणि मनाच्या ताकदीने पेपर वाच." मोरेने माझ्याशी बोलणं सोडलं. त्या ट्रेनिंगचा हा मोठा फायदा.

जनार्दनला फरक पडायला वेळ लागला, पण पडला. खाटेखालून बाहेर आला, जेवायला लागला, ग्रुपमध्ये बसायला लागला. पूर्ण मुदत राहिला. मधल्या एका रविवारी हिराबाई कोलंबीचा डबा घेऊन आली. लेकाला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, "काय रं, ते दोघं हान का अजून?"

"हान," तो म्हणाला. "पन लांब गेलेत. पलीकडच्या होडीत बसल्यावानी."

"बसू दे तितंच." मग माझ्याकडे वळली. "आनि तू रं? माज्या पोराच्या गोल्या तू फेकल्यास म्हने?"

"हो मावशी."

"गोराईला ये एकदा. तुला पन फेकते."

कोलंबी मात्र मलाही वाढली.

शिकवण म्हणाल तर एवढीच. दारू सुटली म्हणून माणूस डॉक्टर होत नाही, नुसता दारू सुटलेला माणूस होतो. हे माझ्या टाळक्यात शिरायला एक मॅडम, शिव्या देणारे दोन मित्र आणि एका कोळणीची धमकी लागली. शेणॉय साहेबांना यातलं काहीच लागलं नाही, कारण त्यांना ते शेवटपर्यंत कळलंच नाही.