उत्तरेकडची बाजू

तांब्याच्या भट्टीवरचे लोक बाल्जान आपायला, म्हणजे आमच्या बाल्जानबाईंना, ‘जंतूवाली’ म्हणत. ती तोंडावर सांगायची, “हो, जंतूच. पण तुमच्या भट्टीसारखा कोळसा नाही गिळत.” त्याच भट्टीच्या धुरानं तिचा नवरा खोकून खोकून गेला होता.

भट्टीला न परवडणारा कमी तांब्याचा दगड चाळीस वर्षं खाणीबाहेर साचत आला होता. जुन्या खाणीतल्या लाल पाण्यात आपायला असे जंतू सापडले, जे दगडातलं गंधक खातात आणि तांबं पाण्यात मोकळं करतात. मग त्या निळ्या पाण्यातून विजेनं तांबं काढायचं, भट्टी पेटवायलाच नको. तीन वर्षं भांडून तिनं दगडाचा एक ढीग मिळवला. मी तिची मदतनीस; आम्ही दोघींनी त्याच्यात नळ्या पुरल्या आणि पंपानं त्यांतून जंतूंचं पाणी सोडलं.

जानेवारीत स्तेपच्या उघड्या माळावर पारा उणे चौतीसवर गेला आणि ढिगातून येणाऱ्या पाण्याचा निळा रंग फिका पडला. खाणीचा प्रमुख तोलेगेन स्वतः आला. एके काळी तो आपायचा विद्यार्थी होता.

“आपाय, पंप बंद करा. तुमचे जंतू केव्हाच गोठले.”

आपाय पंपाच्या खटक्यासमोर जाऊन उभी राहिली. “कोणी पाहिलं?”

“पाहायचं काय त्यात? उणे चौतीस आहे!”

“ते बाहेर. आत मोजलंस का, बाळा?”

“मी आता तुमचा विद्यार्थी नाही.”

“दिसतंय ना. असतास तर आधी मोजलं असतंस.” तिनं त्याच्या हातात पहार दिली. “खण.”

चिडून त्यानं ढिगाच्या दक्षिण बाजूला खणायला घेतलं. वरचा थर फोडायलाच अर्धा तास गेला. मग भोकातून भसकन वाफ आली आणि त्याचा चष्मा पांढरा झाला. मी तापमापक आत सोडला. एकवीस अंश! दगड खाता खाता जंतूंनी आपली ऊब आपणच केली होती.

तोलेगेननं चष्मा पुसून आकडा वाचला. आपाय म्हणाली, “आता उत्तरेकडे चल.”

मी तिची बाही ओढली. “कशाला, आपाय? जिंकलो ना आपण!”

“सोड गं.”

उत्तरेकडे पहार ठण्णकन आपटली. आतपर्यंत बर्फ.

“इथे वारा लागतो. नळ्या मी वरवर पुरल्या, चूक माझी,” ती म्हणाली. “ढिगाचा तिसरा हिस्सा मेलाय. पण तेवढ्यासाठी उरलेला मी मारू देणार नाही.”

“चूक तुमची, असं लेखी द्याल?”

“आत्ता देते. तूही लिही, दक्षिणेला एकवीस अंश. सही कर.”

गारठलेल्या बोटांनी त्यानं सही केली. पंप चालूच राहिला.

मे महिन्यात तांब्याचे पहिले पत्रे निघाले. राजधानीतून पाहुणे आले, मंडप उभा राहिला. आपायला स्टेजवर बोलवायला मी धावत गेले, तर ती ढिगाच्या उत्तर उतारावर नळ्यांसाठी चर खणत होती, कमरेइतका खोल.

“चल ना, सगळे थांबलेत!”

“थांबू देत. हिवाळा थांबणार आहे का?”

मी स्कार्फ कमरेला बांधला आणि चरात उतरले.