रेहानाची फुंकलेली बरणी

रेहानाच्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी पेणमधल्या रामवाडीच्या घरी शाळेत जायची तयारी करत होते. रेहाना पहाटे गेली, एवढंच ते म्हणाले. मग पुढे, "बरणीचं आज मी केलंय..." अशा वेळी ते हे का बोलले, हे कळण्यासाठी बरणीपासूनच सांगायला हवं.

रेहाना माझी बीएस्सीपासूनची मैत्रीण. मी पेणला शाळेत, ती रोह्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिचा जीव समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींवर. त्यातली एक जात अंगावर खडूच्या बारीक चकत्यांचं चिलखत घालते. आपल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो, पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं आणि चिलखत घडवणं जड जातं. समुद्रातल्या माशांचं पोट शेवटी अशाच वनस्पतींवर चालतं, म्हणून तिला ही काळजी. एका संशोधक मित्राकडून तिने ती जात मागून आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बरण्या मांडल्या. एक साधी. दुसरीत नळीने रोज श्वास फुंकायचा, कारण उच्छ्वासातही तोच वायू. तोंडातले जंतू आत जाऊ नयेत म्हणून नळीत कापूस. अशा पाण्यात पिढ्यांमागून पिढ्या काढल्यावर ही जात पुन्हा चिलखत घडवायला शिकते का, हे तिला पाहायचं होतं.

फुंकायला ती सगळ्यांना बसवायची. शेजारचा कामगार कंपनीतून शिफ्ट संपवून येऊ दे, नाहीतर खांब गावाहून तिची खाला, म्हणजे मावशी, येऊ दे, चहा उकळेपर्यंत हातात नळी. खाला एकदा कुरकुरली, "आयुष्यभर चूल फुंकली, आता पाणी फुंकू?" रेहाना म्हणाली, "फुंक गो. तुझ्या चुलीचा धूरपण तिथंच गेलाय." इक्बालभाई बरीच वर्षं कुवेतला काढून आलेले. ते या प्रकाराला बायकोचं लोणचं म्हणायचे आणि लांब राहायचे.

सुरुवातीला निकाल वाईट होता. सूक्ष्मदर्शकाला ती दोन खास काचा लावायची. त्यातून खडूची चिलखतं चमकतात, बाकी सगळं काळं दिसतं. साध्या बरणीचा थेंब म्हणजे दिवाळी. फुंकलेल्या बरणीचा जवळजवळ अंधार. मी म्हटलं, संपलं मग. "मेल्या नायत ना? उघड्या हायत फक्त," ती म्हणाली. "थांबायचं."

मग तिच्या फुप्फुसांनीच दगा दिला. जिना चढवेना, नळी तर लांबच. फुंकणं थांबलं की पाणी पूर्वपदावर येणार आणि इतक्या पिढ्यांची मेहनत वाया जाणार, हीच तिला घोर लावणारी गोष्ट. मी माझ्या स्वभावाप्रमाणे पाळ्या लावल्या, ग्रुप काढला, आठवण करून द्यायला लागले. "तुझ्या पेणला गणपतीच्या आरतीलापण एवढी शिस्त नसेल गो," ती धापा टाकत हसली. भेटायला येणारे फळं आणायचे. ती पिशवी बाजूला ठेवून नळी पुढे करायची. आमच्या शेवटच्या भेटीत मात्र हसली नाही. म्हणाली, "मी बघेन का नाय, माहीत नाय. तू बघ. चमकलं नाय, तर तसंच सांग. बरं वाटेल असं खोटं काय सांगू नको."

दफनानंतर घरात माणसं गप्प बसून होती. इक्बालभाई आतून नळी घेऊन आले आणि शिफ्टवाल्या शेजाऱ्यासमोर धरून म्हणाले, "बोलायला सुचत नसेल तर आत जाऊन फुंक. तिला तेच आवडलं असतं." तो उठला. मग एकेक जण उठत गेला.

गेल्या रविवारी मी रोह्याला गेले आणि फुंकलेल्या बरणीतला थेंब काचेखाली ठेवला. मग दुसरा, नव्या काचपट्टीवर. मग ताडून पाहायला साध्या बरणीतला. दिवाळी नव्हती. पण अंधारात इथे एक, तिथे दोन, असे ठिपके चमकत होते. एका स्वयंपाकघरातली ही एक बरणी. समुद्राचं सगळं ठीक होईल असं यावरून मी म्हणणार नाही, आणि धूर कमी करायचं काम तर आपलंच आहे. तरी जे दिसलं ते दिसलं.

"हाय काय?" मागून इक्बालभाईंनी विचारलं.

"थोडे," मी म्हटलं. "पण हायत."

त्यांनी चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला... बराच वेळ ते उठले नाहीत.